नावासाठी सोडलेली जागा

मराठवाड्याच्या संगीताचा इतिहास कधी नीट लिहिला गेलाच, तर त्यात दस्तगीर यांच्या ध्वनिमुद्रणाच्या कारकिर्दीला एक स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. ही कारकीर्द नांदेडात, वजिराबादेतल्या एका कॅसेटच्या दुकानाच्या माडीवर, नव्वद सालच्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला सुरू झाली आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत संपली. मध्ये जेवणाची सुट्टी होती.

बाकीची वीस वर्षं ते हवेत गायले. लातूरच्या शिवप्पांच्या बँडमध्ये ते गायक होते, आणि गीतकारही. बँडला गीतकार लागतो हे आता कुणाला पटत नाही, पण तेव्हा लागायचा, कारण मिरवणूक निघायच्या आधी नवरदेवाचा मामा येऊन हातात एक चिठ्ठी कोंबायचा. तिच्यावर दोन आडनावं असत, वराकडचं आणि वधूकडचं, आणि ती गाण्यात बसवावी लागत. कदम बसायला सोपं. बिराजदारला जागा जास्त लागते. सूर्यवंशी असेल तर मागचा एखादा शब्द उचलून बाजूला ठेवावा लागे. नाव घेतलं नाही, किंवा एकाचं दोनदा आणि दुसऱ्याचं एकदा घेतलं, की ते भांडण पंगतीपर्यंत जायचं. दस्तगीरनी अशी हजारो नावं गायली. घामानं चिठ्ठीची शाई तळहाताला लागायची, आणि घरी येऊन हात धुताना दोन घराण्यांची सोयरीक मोरीतून वाहून जायची. लोकांचे चेहरे त्यांना कधीच आठवले नाहीत. नावं मात्र राहिली.

आता ते एकोणसत्तर वर्षांचे आहेत, लातुरात दोन खोल्यांत एकटे राहतात, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात, आणि परवा शेजारच्या सिद्धेश्वरअप्पांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला औसा रोडच्या मंगल कार्यालयात गेले होते. नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेऊन आणतात तो परण्या निघाला होता. सकाळचे अकरा. दस्तगीरच्या डोक्यावर कुणीतरी बांधलेला भगवा फेटा डाव्या डोळ्यावर उतरत होता. पुढे गाडीवर कपाटाएवढे स्पीकर रचलेले होते आणि त्यांचा धक्का कानाला कमी आणि पोटाला जास्त लागत होता. मग ते सगळं एकदम थांबलं. खरखर आली, क्लॅरिनेटची एक ओळखीची वाकडी तान आली, आणि एक आवाज गायला लागला: ‘बाजूला व्हा बाजूला, घोडा आला दारात.’ दस्तगीरना आधी काही कळलंच नाही. कळलं ते पायांना. ते मागे चालायला लागले. बँडचा गायक नवरदेवाकडे तोंड करून उलटा चालतो, वीस वर्षं पाय तसेच चालले होते, आणि पंचवीस वर्षं सरळ चालूनही पायांना ते जमलेलं नव्हतं हे त्या भर उन्हात उघड झालं. पाठ कुणाच्या तरी मोटारसायकलला लागली. आवाज पुढच्या ओळीवर आला, आणि तिथे एक भोक पडलं: चार मात्रांची रिकामी जागा, मागे नुसता ढोल. ‘बिराजदार!’ दस्तगीर म्हणाले. त्यांच्यानंतर निमिषभरानं स्पीकरच्या गाडीवरचा माणूस माइकमध्ये ओरडला, ‘बिराजदार!’ आणि आवाज पुढे गेला: ‘यांचा लेक निघाला’. मग परत भोक.

गाडी होती शिवप्पांच्या नातवाची, रविकिरणची. बँड केव्हाच मोडला होता. पितळेची वाद्यं मोडीत गेली आणि त्या जागी हे आलं. अक्षता पडल्यावर तो एका खुर्चीवर ताट घेऊन बसला होता. दस्तगीर समोर जाऊन उभे राहिले.

‘रविकिरण, ते मघाचं गाणं कुठनं आणलं?’

‘कोन्तं? भोकाचं?’ तो म्हणाला. ‘आज्याच्या पेटीत कॅसेट निघाली, चाचा. लई भारी हाय. नेटवर टाकलंय मी.’ त्यानं खरकट्या हाताच्या कोपरानं फोन पुढे सरकवला. पडद्यावर एका घोड्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, पारंपरिक वरातगीत. गायक: पारंपरिक.

‘हे मी गायलोय.’

रविकिरणनं जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला. ‘हाव का?’

‘लिहिलं बी मीच. तुझ्या आज्यानं नेलं होतं नांदेडला.’

‘चाचा, राग मानू नका. गेल्या महिन्यात एक जन आला, म्हनला हे मी गायलोय. जरा खोदून इचारलं तर म्हनला, न्हाई, मी ढोल वाजवलाय. अजून खोदलं तर त्याचा भाऊ वाजवत होता.’ त्यानं ताट खाली ठेवलं. ‘तुमचं खोटं हाय असं न्हाई म्हनत. त्या दिवशी हजर असलेला कुनी असंल तर त्याला फोनवर नुस्तं बोलाया लावा, ह्यांनीच गायलं म्हून. मी नाव टाकतो. दोन मिन्टाचं काम हाय.’

घरी आल्यावर दस्तगीरनी फोनवर ते गाणं लावलं. मग परत लावलं. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत आपला पस्तिशीतला गळा चारदा वर चढून खाली येतो, हे त्यांना नवीन होतं. गाणाऱ्याला आपला आवाज ऐकू येत नाही, त्याला फक्त घसा कळतो. बायको, हाजराबी, असती तर तिला ऐकवता आलं असतं. तिनं त्यांना मिरवणुकीत गाताना कधी ऐकलं नव्हतं, कारण परक्यांच्या वरातीत घरची बाई कशाला जाईल, आणि घरी ते गात नसत, कारण घरी चिठ्ठी कोण देणार. त्यांच्या धंद्याचा तिला एकच अनुभव होता. शहेबाजला शाळेत घालताना हेडमास्तरनी विचारलं, मुलाचं नाव? आणि लेखणी उचलून थांबले. त्या थांबण्यात दस्तगीरच्या तोंडून ‘सूर्यवंशी’ निघून गेलं. हेडमास्तर चांगला माणूस होता, त्यानं एकदा त्यांच्या दाढीकडे पाहिलं आणि लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी हाजराबी बुरखा घालून ते खोडायला गेली. ‘तुमारे पेट में दुनिया के नावां हैं,’ ती म्हणाली होती, ‘अपनेच पोरे का नाव नै मिला?’ ती जाऊन सहा वर्षं झाली. आता संध्याकाळी फ्रिजची घरघर अचानक थांबते, खोलीत एक भोक पडतं, आणि दस्तगीर त्यात कुणाचं तरी नाव टाकतात. गायकवाड. हंगरगे. कधी हाजरा. रविवारी शहेबाजचा पुण्याहून फोन येतो. तब्येत होते, पाऊसपाणी होतं, सुनेचा, नाजियाचा, सलाम होतो, मग दोन्हीकडे शांतता होते. ‘शहेबाज,’ दस्तगीर म्हणतात. ‘हां अब्बा, बोला,’ तो म्हणतो, आणि बोलायला काही नसतं.

हजर असलेला कुणी. त्यांनी बोटांवर मोजलं. शिवप्पा गेले. माडीचा मालक, तोच रेकॉर्डिंग करायचा, तो गेला. ढोलवाला बिलोलीकडचा, तो तर बँड असतानाच गेला. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, दोन्ही गेले. मृत्यूनं एवढं शिस्तीनं काम केलेलं पाहून त्यांना जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं. जणू सगळे साक्षीदार फोडले होते. उरली धुरपताबाई, हदगावची. हळदीची गाणी गायची तिची पंचक्रोशीत ख्याती होती, म्हणून मागच्या बायकांच्या सुरासाठी शिवप्पांनी तिला बोलावली होती. मागच्या वर्षी मूळ हदगावचा एक माणूस शेगडी घेऊन आला होता, त्याच्याकडून कळलं होतं, आहे, बसस्टँडच्या मागंच राहते, नात शाळेत मास्तरीण आहे.

लातूर-नांदेड गाडीत त्यांना खिडकी मिळाली. अहमदपूर गेलं. शेजारच्या माणसानं विचारलं, कुठं? नांदेडपर्यंत, पुढं हदगाव. काय काम? रेकॉर्डिंगचं, दस्तगीर म्हणाले, आणि तो माणूस आदरानं थोडा सरकून बसला, मग झोपला आणि झोपेत सगळा आदर विसरून त्यांच्या खांद्यावर पडला. बाहेर सोयाबीन उभं होतं. तो मंगळवार दस्तगीरना सगळाच्या सगळा आठवत होता. माडीच्या भिंतींना गाद्या बांधलेल्या, खिडकीला पोती, आवाज येतो म्हणून पंखा बंद. मे महिन्यातलं नांदेड त्या खोलीत येऊन बसलं होतं. कल्पना शिवप्पांची होती. बँडबरोबर तेलाचं दुकानही चालवणाऱ्या माणसाला सुचावी अशीच. लग्नाची दाट तिथी आली की तीन-तीन सुपाऱ्या येत, वाजवणारे गोळा करता येत, पण गाणारा एक. तर दस्तगीरचं गाणं टेपवर घ्यायचं, नावाच्या जागा रिकाम्या सोडायच्या, हातगाडीवरच्या भोंग्यातून ते लावायचं आणि त्या जागेत कुणीही माइकवर नाव ओरडायचं. आपल्याला घरी बसवणारं यंत्र आपण स्वतः चालीत बसवून देतो आहोत हे दस्तगीरच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण टेप! टेपवर आपला आवाज! हव्या त्या गावात, आपण नसताना! त्या आनंदात त्यांनी दोन रात्री जागून शब्द बसवले, नावांच्या जागी नीट चार-चार मात्रा मोकळ्या ठेवल्या.

आणि मग ती जागा त्यांना सोडता येईना. पहिल्यांदा गाताना तोंडातून ‘देशमुख’ गेलं. टेप मागे. दुसऱ्यांदा ‘कदम’. शिवप्पा उदगीरकडचे, संतापले की त्यांची मराठी संपायची. ‘बेड! बेड!’ ते हात हलवत ओरडायचे, नको, नको. ‘दस्तगीर, रिकामं सोड की रं! कुनाचं बी लगीन न्हाई इथं!’ सगळे हसले. पाचव्या वेळेला कुणी हसलं नाही. त्यांनी तोंडावर हात धरून पाहिला, डोळे मिटून पाहिले. जागा जवळ आली की ती विहिरीसारखी वाटायची, आणि तीत पाय जायच्या आत कुठलं तरी आडनाव धावत येऊन ती बुजवायचं. जेवणाची सुट्टी झाली. मग चारच्या सुमाराला कधीतरी ते जमलं. जागा आली तेव्हा त्यांनी दातांखाली जीभ धरली, दाबून धरली, आणि चार मात्रा गेल्या. तोंडात रक्ताची चव आली होती. जिभेची ती आग त्यांना आजही, लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली असताना, नेमकी कुठं होती ते सांगता आलं असतं: डाव्या कडेला, मध्यापासून थोडी पुढं. माणसाजवळ स्वतःच्या शौर्याचा एखादा तरी प्रसंग असावा. दस्तगीरजवळ हा होता.

नांदेडला गाडी बदलून ते हदगावला उतरले तेव्हा दुपार झाली होती. घर विचारावं लागलं नाही, पाटीवर नातीचं नाव होतं: लुंबिनी, शिक्षिका. ती शाळेतून नुकतीच आलेली होती. धुरपताबाई बाजेवर बसून मांडीवरच्या परातीत शेंगा फोडत होती. तिनं मान तिरपी करून पाहिलं.

‘कोन हाय?’

‘दस्तगीर. लातूरचा. शिवप्पाच्या बँडातला.’

‘अगं बाई!’ तिनं परात सरकवली. ‘दस्तगीरभाऊ! लई वाळलात की. मला वाटलं विमेवाला आला. लुंबे, चहा ठेव. साखर घाल म्हनलं, मला न्हाई, त्यांला.’

चहा झाला. हाजराबीची चौकशी झाली, ती गेल्याचं कळल्यावर धुरपताबाई ‘चांगली होती म्हनं’ म्हणाली, जरी तिनं हाजराबीला कधी पाहिलं नव्हतं. दस्तगीरनी सगळं सांगितलं. लुंबिनीनं आपल्या फोनवर गाणं शोधलं, आणि म्हणाली, ‘आजी, तू ऐक, मग मी तुझं बोलणं रेकॉर्ड करते. एवढंच म्हणायचं, हे ह्यांनी गायलं.’ धुरपताबाईनं फोन कानाला लावला, उलटा होता तो लुंबिनीनं सुलटा केला. ती ऐकायला लागली. ओठ हलत होते. बायकांचा सूर आला तेव्हा ती लाजून हसली. संपल्यावर तिनं फोन मांडीवर ठेवला.

‘हा तर मारोती,’ ती म्हणाली.

‘मारोती?’ दस्तगीर म्हणाले.

‘क्लारनेटवाला न्हाई का? तुमचा चेला. आवाज बी तुमच्यावानीच काडायचा, खाकरायचा बी तुमच्यावानी.’

‘बाई, मी गायलोय ते. सकाळधरनं मी गात होतो.’

‘गात होता की! कोन न्हाई म्हनतंय? सकाळधरनं तुमीच. पन तुमाला ती रिकामी जागा सोडाया येईना. शिवप्पा मालक निस्ता बेड बेड करून राहिला होता. शेवटाला त्यानं तुमाला खाली धाडलं, जा म्हनला, समद्यांला पानं घेऊन ये. तुमी गेलात आन् मारोतीनं एका दमात म्हनलं. चार वाजलं असतील. तुमी पुडा घेऊन वर आलात, मालक म्हनला, झालं. तुमी म्हनलात, झालं? आन् समद्यांला पानं वाटाया लागलात. माझ्या पानात चुना लई होता. जीभ भाजली. मी तवाच म्हनलं, भाऊचं ध्यान न्हाई.’

दस्तगीरच्या जिभेची डावी कडा दातांना लागत होती. चुना, त्यांनी मनात म्हणून पाहिलं. तो शब्द त्या आगीवर इतका बरोबर बसला की त्यांना आता जिना आठवला. लाकडी जिना, हातात ओलसर पुडा, एका हातानं कठडा. वरून गाणं ऐकू येत होतं. आपलं गाणं, आपला आवाज, आणि आपण जिन्यात. ते थांबले होते. पायरीवर उभं राहून त्यांनी पुडा सोडून त्यातलं एक पान तोंडात घातलं होतं. ‘बाजूला व्हा बाजूला’ पुढे गेलं, जागा आली, आणि जिन्यात उभ्या दस्तगीरनी तोंडात पान असताना ‘बिराजदार’ म्हटलं, आणि ते टेपवर गेलं नाही, कारण दार लावलेलं होतं. हे सगळं चौतीस वर्षं कुठं होतं? की हे आत्ता, या बाजेसमोर, धुरपताबाईच्या शब्दांतून तयार होत होतं, जसं ते दातांखाली जीभ धरल्याचं कधीतरी तयार झालं होतं? त्यांनी लुंबिनीला गाणं परत लावायला सांगितलं. चढलेला तो गळा त्यांनी ऐकला नाही, फक्त जागा ऐकल्या. चारही जागा स्वच्छ होत्या. एकीतही श्वास अडकल्याची, ओठ मिटल्याची, काही गिळल्याची खूण नव्हती. आतला माणूस तिथे आरामात गप्प बसला होता. असं गप्प बसणं दस्तगीरना जन्मात आलं नाही, घरात आलं नाही, मुलाच्या फोनवर आलं नाही. या एका गोष्टीवरून त्यांना कुणीही ओळखलं असतं, आणि हा माणूस ते नव्हते.

धुरपताबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ‘रागावलात का भाऊ? बोल तर तुमचेच हायेत.’ मग तिनं आवाज उतरवला. ‘तुमी म्हनत असाल तर मी म्हनते की, तुमीच गायलात म्हून. माझं काय जातंय. मारोतीला जाऊन बारा वर्सं झाली. त्याला ना पोर ना बाळ. कोन येतंय भांडाया?’

‘घेऊ का मग?’ लुंबिनी म्हणाली. फोन तिनं समोर धरला होता. शाळेत रोज पोरांच्या वह्या तपासणाऱ्या बाईनं विचारावं तसंच तिनं ते विचारलं, चांगल्या मनानं. कुणीच बोललं नाही. ती जागा चांगली चार मात्रांहून मोठी होती. दस्तगीरना वाटलं, आता आपल्या तोंडून आपलंच नाव जाईल. ते आलं होतं, दातांपर्यंत आलं होतं.

‘राहू द्या,’ ते म्हणाले.

‘बघा बाबा,’ धुरपताबाई म्हणाली, आणि परात परत मांडीवर घेतली. निघताना तिनं त्यांना शेंगा बांधून दिल्या.

स्टँडवर सावलीचा एकच बाक होता आणि त्यावर एक कुटुंब जेवत होतं. दस्तगीरनी उभ्यानंच फोन लावला.

‘बोला चाचा, घावला का मानूस?’

‘घावला. ते मी गायलो न्हाई.’

‘आँ?’

‘मारोतीनं गायलंय. क्लॅरिनेट वाजवायचा. तुझ्या आज्याच्याच बँडात. त्याचं नाव टाक.’

 ‘चाचा, तुमी बी कमाल करता,’ रविकिरण म्हणाला. ‘आपलं नाव टाका म्हनारे लई बघितले. बरं. मारोती काय? आडनाव?’

दस्तगीर आठवू लागले. लातूर, नांदेड, उस्मानाबाद, बीदर, चार जिल्ह्यांतली सगळी आडनावं एकामागून एक आली आणि परत गेली. बारा वर्षं मारोती त्यांच्या उजव्या हाताला चालला होता. त्याच्या नावाची चिठ्ठी त्यांच्या हातात कुणी कधी दिली नव्हती.

‘माहीत न्हाई,’ ते म्हणाले. ‘नुस्तं मारोती टाक. पन पारंपरिक काढ.’

‘काढलं असतं हो चाचा. पन खरं सांगू का? काल बसलो होतो तुमचं नाव टाकाया, म्हनलं तुमच्यावानी मानूस खोटं कशाला बोलंल. तर ते बदलंना. ते गाणं मेव्हन्याच्या फोनवरनं, त्याच्याच खात्यावर टाकलं होतं.’

तो फोन उन्हाळ्यात मुरुडच्या बाजारात हरवला होता, आणि पासवर्ड मेव्हण्यालाही ठाऊक नव्हता.